दादाच्या ट्रकचं स्टिअरिंग

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये एकही यंत्र चालत नाही. लेथ पुसून हळद-कुंकू लावायचं, पाने आणि हातोड्या पाटावर मांडायच्या, वर झेंडूची फुलं. पूजेला ठेवलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत कोणी उचलत नाही. नागापूरला इतकी वर्षं शेड चालवली, पण हा नेम मी एकदाच मोडला, आणि तोही दादासाठी.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पाथर्डीच्या ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमधून कारखान्यांच्या गावी पोचवायचा. ट्रक जुना, लांब नाकाचा. त्याच्यावर दादाची वहिनीपेक्षा जास्त माया आहे, असं मी वहिनीच्या देखत म्हणायचो. त्या वर्षी कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की इंजिनाचा धूर बाहेर नेणारं मूळचं बिडाचं मॅनिफोल्ड काढून बाजारातलं हेडर, म्हणजे सुट्या नळ्यांचं जुडगं, बसवलं की ट्रक घाट झपाट्याने चढतो. त्याने बसवलं. घाट किती चढला देव जाणे, पण एक नळी स्टिअरिंगच्या शाफ्टला घासायला लागली. उजवीकडे वळवलं की कर्रकन आवाज यायचा. नेमका खंडेनवमीला सकाळी तो ट्रक घेऊन दारात हजर.

"जरा तापवून वाकीव की," दादा म्हणाला. "परवा टोळी न्यायची हाय. मान्सं बोचकी बांधून बसल्यात."

"शाफ्ट म्हंजी काय छत्रीची काडी हाय व्हय, वाकवायला?" मी ओरडलो.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर, आणि दादाची खोड अशी की समोरचा ओरडला की हा हसणार. तो हसला आणि मी पाटावरचा पाना उचलला. आई पूजेसाठी आली होती. पान्यावरचं फूल खाली पडलं ते तिने उचलून पाटावर ठेवलं.

शाफ्ट मधोमध कापला. नळीला वळसा घालून जाता यावं म्हणून वाकड्या कोनातही फिरणारे दोन क्रॉस जॉइंट घातले, त्यांच्यामध्ये एक आखूड तुकडा, आणि तो लोंबू नये म्हणून चासीला आधाराचं बेअरिंग बसवलं. दोन्ही जॉइंटची तोंडं एका रेषेत यावी लागतात, नाहीतर स्टिअरिंग एका जागी जड आणि दुसऱ्या जागी हलकं लागतं. मी दोनदा खोललं, तीनदा जोडलं. दादा मडगार्डवर बसून शेंगा खात होता. संध्याकाळी त्याने एका बोटाने स्टिअरिंग फिरवून बघितलं.

"लोन्यावानी फिरतंय की रं," तो म्हणाला. माझ्या कामाला त्याने चांगलं म्हटलेलं ते पहिलंच. मला फार बरं वाटलं होतं.

दसरा झाला, टोळी सुखरूप पोचली. दुसरी टोळी सोडून रिकामा परत येताना कोल्हारच्या पुढे ट्रक रस्ता सोडून कालव्याच्या चारीत उलटला. दादा जागीच गेला.

माझ्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण पाहुण्यांत कुजबुज चालायची, की ट्रकच्या स्टिअरिंगला हात लावला होता म्हणे. आई एकदाच म्हणाली, "पूजेची हत्यारं उचलाया नको हुती." मी माझ्या हातांनी भावाला मारलं का, एवढा एकच प्रश्न होता, आणि तो विचारायचा कुणाला?

तेरावं झाल्यावर वहिनीला दादाचं सामान ताब्यात घ्यायला पोलीस ठाण्यात बोलावलं. मी सोबत गेलो. ट्रक मागच्या आवारात उभा होता. वहिनी केबिनमधली चादर आणि चपला गोळा करत होती, तेवढ्यात मी ट्रकखाली शिरलो. नट आवळला की त्यावरून खालच्या भागापर्यंत मी रंगाची रेघ ओढतो. नट तसूभर ढिला झाला तरी ती तुटते. एकही रेघ तुटली नव्हती. हाताने शाफ्ट फिरवला तर दोन्ही जॉइंट फिरले. बाहेरून हवालदार म्हणाला, "पुढचं टायर फुटलं हो. पंचनाम्यात लिहिलंय तसं."

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. भाऊ ज्या ट्रकमध्ये गेला त्याच्याखाली मी पडलो होतो आणि हसत होतो. तसाच सरपटत बाहेर आलो.

"वहिनी, माझा जॉइंट धड हाय! कायबी झालं न्हाई त्याला!"

ती चपलांवरची माती पदराने पुसत होती. तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

"बरं झालं, भावजी," ती म्हणाली. "तुमी तरी सुटलात."

टोमणा नव्हता तो. असता तर मी सोसला असता.