बाबांचा चष्मा आणि माझी लायब्ररी

कारंज्याला घरी बसून मी कंपनीचं काम करतो. त्या सकाळी मी पायथॉन या संगणकाच्या भाषेतली एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं आधीच लिहून ठेवलेला आयता कोड, रीतसर बसवली. तरी प्रोग्राम 'सापडत नाही' म्हणून अडून बसला. माझं डोकंच फिरलं. अरे, ही काय समोर आहे!

तेवढ्यात बाबा ओरडले, "माहा चष्मा कुठी हाय?"

बाबा चष्मा तीनच जागी शोधतात: आधी शर्टाच्या खिशात, मग टीव्हीजवळ, मग खिडकीत. तिथं नसला, की तो जगातच नाही. आई तोच चष्मा लावून तांदूळ निवडते आणि नंतर डबीत घालून कपाटात ठेवते.

"जागेवरच त ठेवला ना मी," आई म्हणाली.

"मंग मी तिथं कायले पाहू?"

प्रोग्रामचंही हेच. तो ठरलेल्या फोल्डरांत, ठरलेल्या क्रमानंच पाहतो, आणि माझी लायब्ररी होती भलतीकडेच. योग्य जागी हलवल्याबरोबर चालली. त्याच जोशात आईला तिच्या नंबरचा वेगळा चष्मा आणून दिला. ज्याचं त्याच्यापाशी, कटकट मिटली.

दुसऱ्या दिवशी आईचा चष्मा टीव्हीजवळ राहिला, बाबांचा खिडकीत. प्रोग्राम जे पहिलं सापडेल ते उचलतो, कोणाचं म्हणून विचारत नाही. बाबांनीही तेच उचललं, डोळ्यांवर चढवलं आणि पेपर उघडून कडाडले, "कसं छापून राह्यले हे लोकं! एक अक्षर धड नाही!"