घागरींची लाईन

शाळेची पायरी मी जल्मात पहिल्यांदा चढलो ती मतपेटी डोक्यावर घेऊन.

लातूर जिल्हा नवा नवाच झालता. हपिसात टेबलं आली, खुर्च्या आल्या, माणसंच येईनात. मी तिथं रोजंदारीवर पाणी भरायला होतो. इलेक्शन लागलं अन् माणसं कमी पडली, तवा मला बी धरलं. मोठे साहेब म्हणले, "हे काम नीट पार पाड, तुला कायम करतो." झालं! बायकोनं समद्या भाऊबंदात सांगून टाकलं का आमचं माणूस सरकारी झालं.

ज्याला वाचता येत न्हाई त्याला बोटाला शाई लावायचं काम देतेत. घरी बायकोच्या बोटावर काजळानं सराव केला. ती म्हणली, "आता ह्या बोटानं भाकर थापू का तुमच्या नावानं मोडू?"

दुसरं काम पेटीचं. मतदान सुरू व्हायच्या आधी पेटी उलटी करून समद्यांना दाखवायची, आत काय न्हाई म्हणून. हे मला लई आवडलं. ट्रेनिंगात मदाऱ्यावानी पेटी उलटी धरून वरडलो, "देखो भाई, डब्बा खाली है!" समदे हासले. शिकवणारे साहेब तेवढे हासले न्हाईत.

गाव निलंग्याच्या पुढं, पार कर्नाटकाच्या शिवंला. दोन सालं पाऊस नव्हता. ट्रकात आमची मतदान घेणारी पार्टी, अन् आमचे अध्यक्ष म्हणून एक गुरुजी. तिकडं पाणी मिळत न्हाई म्हणून तालुक्यातून एक ड्रम भरून घेतलता. त्याची जिम्मेदारी माझी. रस्ताभर ड्रम डुबूक डुबूक करून राहिला. गावात शिरलो तवा मला त्या आवाजाचंच भ्या वाटाया लागलं. एक कुत्रं भुंकलं न्हाई. दारादारात माणसं बसलेली, पर आमच्याकडं कुणी बघंना. समदे ड्रमाकडं बघत होते.

शाळेपाशी गावचा कोतवाल आला. म्हणला, "साहेब, चहाचं काय जमणार न्हाई. दुधाला जनावर न्हाई अन् चहाला पाणी न्हाई."

साहेब कुणाला म्हणतो म्हणून मी मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

म्हणलं, "उद्या लोक येतेत ना?"

"लाईन लागंल की. लाईन लावायची सवयच हाय आमच्या गावाला."

दिवस कलताना मी पटांगणात चुन्याच्या दोन रेघा मारल्या, एक बायांची, एक बाप्यांची. रेघ वाकडी आली म्हणून परत मारून राहिलो, तवर एक म्हातारी आली. रिकामी घागर तिनं दाराजवळ माझ्या रेघंवर ठेवली अन् लिंबाखाली जाऊन बसली. मग दुसरी आली. मग तिसरी. टँकरच्या लाईनीत आमच्याकडं असंच असतंय, घागर उभी म्हणजे बाई उभी. तिला हात लावायची कुणाची टाप न्हाई. बघता बघता लाईन फाटकाच्या भाईर गेली.

गुरुजी भाईर आले. "हे काय?"

"लाईन हाय, गुरुजी."

कोतवालानं खाली बघून सांगितलं, "पोळ्यापासून टँकर न्हाई. आधी हे भरा, मग बोट घ्या, असं ठरलंय गावात."

गुरुजींचं तोंड उतरलं. हळूच म्हणले, "ड्रम आत घे, कडी लाव. एका घागरीत पाणी घातलं तर मताला लाच दिल्यावानी होतंय. अन् न्हाई घातलं तर..."

मला वाटलं, आपण हासवून घेऊ. तांब्या भरून म्हातारीपाशी गेलो. "मावशी, घ्या, सरकारी पाणी हाय. प्या."

"मला तहान न्हाई, लेका. घागरीला हाय."

समद्या बाया एकदम हासल्या अन् एकदमच गप झाल्या. माझं तोंड भ्यानं कोरडं पडलं. तो तांब्या मीच पिलो. माझा घटघट आवाज पार फाटकापोस्तर गेला असंल.

सकाळी पेटी बघायला एका बी उमेदवाराचा माणूस आला न्हाई. गुरुजी म्हणले, "कुणी असो नसो, नियम हाय. दाखव."

मी पेटी दारात आणली, उलटी केली. ट्रेनिंगातला आवाज काही निघंना. "पेटी रिकामी हाय. बघून घ्या."

म्हातारी लिंबाखालून उठली. तिनं आपली घागर उचलली अन् माझ्या नाकासमोर उलटी धरली. "ही बी रिकामी हाय. बघून घे."

तिच्या मागं समद्या लाईनीनं घागरी उलट्या केल्या. नुसत्या बांगड्या वाजल्या. मग घागरी परत रेघंवर ठेवून बाया लिंबाखाली गेल्या.

पेटीला सील करता करता गुरुजींनी आतून इचारलं, "लाईन हाय का?"

"हाय की, फाटकाच्या भाईरपोस्तर."

"मग सोड एकेक."

"कसं सोडू, गुरुजी? एकीला बी बोट न्हाई."

शाईची बाटली उघडून दिवसभर बसलो. टँकर आला न्हाई अन् बोट बी आलं न्हाई.

रातच्याला लातूरला मोठ्या साहेबासमोर पेटी उतरवताना मी लई वजन असल्यावानी कण्हलो.

साहेब म्हणले, "हलव बरं."

हलवली. काहीच वाजलं न्हाई. मागं ट्रकातून ड्रम उतरवून राहिले होते, तो तेवढा डुबूक म्हणला.

दुसऱ्या दिवशी मी परत रोजंदारीवर. हपिसाचं पाणी भरायला.