आरशाचा कॅमेरा

तापीच्या दोन्ही काठांवर मिळून, एखादी वस्तू विकत न घेण्यात माझ्या मोठ्या साडूंचा, म्हणजे आमच्या दादांचा, हात धरणारा माणूस सापडणार नाही. ते कंजूष आहेत असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. खर्चाला ते कधीच भ्याले नाहीत. अडतं ते फक्त विचारापाशी, आणि तो त्यांना आधी पूर्ण करायचा असतो. ब्राह्मणपुरीला त्यांचं घर आणि शेती, आणि तिथल्याच शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. छताचा पंखा घ्यायचा ठरला तेव्हा ते सात नातेवाइकांकडे जाऊन प्रत्येकाच्या पंख्याखाली तासभर बसून आले. रनाळ्याच्या मामांना वाटलं, हे काहीतरी वाईट बातमी सांगायला आलेत आणि त्यांना धीर होत नाहीये. मामी रडायलाही लागल्या होत्या. मिक्सर घेण्याआधी त्यांनी त्याची माहितीपुस्तिका दुकानातून घरी आणली, तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि ती परत नेऊन दिली. मिक्सर पुढच्या वर्षी आला. मुलीचं लग्न मात्र त्यांनी वीस मिनिटांत ठरवलं. स्थळाबरोबर माहितीपुस्तिका आली नव्हती, त्यामुळे वाचण्यासारखं काही नव्हतं, असं अक्का म्हणतात. अक्का म्हणजे त्यांची पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. जावई चांगला निघाला, आणि कसलीही तुलना न करता तो चांगला कसा निघाला हे दादांना अजून उलगडलेलं नाही.

तर अशा या दादांनी मागच्या दिवाळीनंतर जाहीर केलं की त्यांना कॅमेरा घ्यायचा आहे. साधा नाही, डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला. मी नंदुरबारला राहतो, दुकानं नंदुरबारला, म्हणून ते दर शनिवारी सकाळच्या बसने माझ्याकडे येऊ लागले. येताना एक वही आणत. वहीत कॅमेऱ्यांची नावं उभी आणि गुण आडवे, आणि शेरा या रकान्यात ‘प्रयत्न आवश्यक’ वगैरे लिहिलेलं. घरी ते आमच्यासारखीच अहिराणी बोलतात. दुकानाची पायरी चढले की मात्र वर्गात शिरल्यासारखी शुद्ध मराठी सुरू होते. दुकानदाराने त्यांना पहिल्याच शनिवारी सांगितलं की गुरुजी, आता डीएसएलआर कोणी घेत नाही, हल्ली बिनआरशाचे कॅमेरे निघालेत, ते हलके असतात. दादांनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षं त्यांनी मुलांना आरसे शिकवले होते. सपाट, अंतर्वक्र, बहिर्वक्र, आणि शेवटी पुठ्ठ्याचा पेरिस्कोप. ज्या कॅमेऱ्यातून आरसाच काढून टाकला आहे त्याला आपण काय तोंडाने घरी न्यावं, असं त्यांनी मला बाहेर आल्यावर विचारलं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मोबाइलनेही चांगले फोटो येतात, हे त्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. कोरीटला लग्नाचे फोटो काढणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडेही आम्ही जाऊन आलो. दादांनी त्यांना दीड तास प्रश्न विचारले. शेवटी ते हात जोडून म्हणाले की गुरुजी, तुम्ही कॅमेरा घेऊ नका, काय काढायचं ते सांगा, मी येऊन काढून देतो. दादा म्हणाले, ते तुम्हाला सांगता येण्यासारखं नाही. मला वाटलं, हाही त्यांचा विक्षिप्तपणाच. संक्रांत झाली, होळी आली, वहीची पानं संपून तिला मागून कागद जोडले गेले, आणि कॅमेरा काही आला नाही.

होळीनंतर एका दुपारी मी ब्राह्मणपुरीला गेलो होतो तेव्हा ओट्यावर रायसिंगभाऊ बसलेले दिसले. हे दादांच्या शाळेतले शिपाई, आता दोघेही निवृत्त. मूळचे सातपुड्यातले पावरा आदिवासी. नोकरी खाली सपाटीवर, आणि घर वर, नर्मदेच्या काठच्या पाड्यात. धरणाचं पाणी चढलं तसं ते गाव बुडालं आणि घरच्यांना तळोद्याकडच्या वसाहतीत प्लॉट मिळाला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांच्या घराची जागा काही आठवडे उघडी पडते. या उन्हाळ्यात ती एकदा बघून यावी असं त्यांच्या मनात होतं, कारण गुडघे पुढच्या वर्षी तो उतार उतरू देतील याची खात्री नव्हती. आणि सोबत यायला त्यांनी गुरुजींना सांगितलं होतं. कॅमेरा हवा होता तो या फेरीसाठी.

दादांनी वही उघडून त्यांना दोन भिंगांमधला फरक समजावून सांगायला घेतला. रायसिंगभाऊंनी तो सगळा ऐकून घेतला. मग हळूच म्हणाले, “गुरुजी, मांगलींदाव बी तुम्ही हाईच करी ऱ्हायंतात.”

दादांनी वही मिटली आणि आत निघून गेले. मला काही कळेना. मग मागल्या खेपेला काय झालं होतं ते अक्कांनी सांगितलं. गाव बुडायच्या आधीच्या वर्षी रायसिंगभाऊंनी दादांना विनंती केली होती की आमच्या घराचा एक फोटो काढून द्या, गावात कोणाकडेच कॅमेरा नाही. दादांनी आनंदाने कबूल केलं आणि कॅमेरा कोणता घ्यावा याचा विचार सुरू केला. तेव्हा रोलचे कॅमेरे होते. त्यांनी पुण्याहून माहितीपत्रकं मागवली, तक्ता केला. तक्ता पुरा झाला तेव्हा पुढच्या वर्षीचा पावसाळा लागून गेला होता. श्रावणात रायसिंगभाऊ शाळेत आले, घंटा दिली आणि म्हणाले, घर गेलं. त्यावर ते पुन्हा कधी काही बोलले नव्हते. त्या दुपारपर्यंत नाही. आणि दादांनीही तेव्हापासून घरात कॅमेरा येऊ दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला दुकानदाराचा फोन आला. तुमचे गुरुजी येऊन गेले, म्हणाला. दुकानात आरशाचा एकच कॅमेरा उरला होता, तो त्यांनी दहा मिनिटांत घेतला, खोका उघडूनही पाहिला नाही. घरी सगळं ठीक आहे ना?

पुढचा महिनाभर ब्राह्मणपुरीत सराव चालला. दादा अक्कांना हातात वांगं घेऊन ओट्यावर बसवत आणि सकाळ, दुपार, संध्याकाळच्या उजेडात फोटो काढत. लग्न झाल्यापासून यांनी माझ्याकडे इतकं एकटक कधी पाहिलं नव्हतं, अक्का मला म्हणाल्या, आणि आताही ते वांग्याकडेच पाहतात.

मे महिन्यात आम्ही तिघे निघालो. धडगावपर्यंत जीपने, तिथून पुढे घाट उतरून काठावर, आणि मग इंजिनाच्या होडीने तासभर. होडीत दादा कॅमेरा पोटाशी धरून बसले होते, एखादं तान्हं मूल घेऊन बसावं तसे. एका वळणावर रायसिंगभाऊंनी हात वर केला आणि होडी थांबली. समोर नुसता गाळाचा उतार. भेगा पडलेला, करडा, कुठे एखादं वठलेलं खोड. फोटो काढावा असं तिथे मला काही दिसलं नाही.

रायसिंगभाऊ काठी टेकत चढले. एका जागी थांबले, खोडाकडे पाहिलं, समोरच्या डोंगराकडे पाहिलं, चार पावलं डावीकडे सरकले. मग काठीने जमीन दाखवून म्हणाले, “आठे दार व्हतं.”

दादांनी फोटो काढला. ना उजेड मोजला, ना चष्मा पुसला.

मग गोठा. मग कणग्या. मग चूल. “आठे मन्ही माय बठे,” रायसिंगभाऊ म्हणाले. दादांनी तिथलेही फोटो काढले. तास-दीड तास एक माणूस काठी टेकवत होता आणि दुसरा त्या टोकाखालच्या चिखलाचा फोटो काढत होता. रायसिंगभाऊंचा स्वतःचा एक फोटो घ्यावा म्हणून मी सुचवलं, तर दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी होडीत जाऊन बसलो.

दादांनी ते फोटो छापून आणले आणि प्रत्येकाच्या मागे फळ्यावरच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: दार, गोठा, कणग्या, चूल. छापणाऱ्याने हे सगळे फोटो चुकून आले का, असं विचारलं होतं म्हणे. ते द्यायला आम्ही वसाहतीत गेलो. रायसिंगभाऊंनी गठ्ठा घेतला, चष्मा लावला आणि पडवीतल्या सारवलेल्या जमिनीवर एकेक फोटो मांडायला लागले. मागचं अक्षर त्यांनी एकदाही वाचलं नाही. चिखलाचा प्रत्येक तुकडा त्यांना ओळखू येत होता. एक इकडे, एक तिकडे, एक फिरवून उलटा, आणि बघता बघता जमिनीवर घर उभं राहिलं. सून चहा घेऊन आली ती उंबऱ्यातच थांबली. तिने ते घर कधी पाहिलं नव्हतं.

“या गुरुजी, बठा,” रायसिंगभाऊ म्हणाले.

दादांनी चपला काढल्या. सरळ पुढे आले असते तर दोन पावलांत त्यांच्याशेजारी पोचले असते. पण ते वळसा घालून गेले, जिथे दार होतं तिथून वाकून आत शिरले आणि चुलीपाशी जाऊन बसले.