मागावरची टोकं

निवृत्त झाल्यावरही मी नोकरीच्या देशातच राहिलो, समुद्राकाठच्या या छोट्या गावात. शेजारीण रोज सकाळी भाताची पेज कुंपणाशी ओतते आणि तो कोमट, आंबूस वास मला नागपूरच्या आमच्या विणकरी घरात नेऊन बसवतो. सुताला लावायच्या खळीचा अगदी हाच वास.

मी परदेशी निघालो त्या सकाळी बाबांनी मागावरून लुगडं कापून उतरवलं. लुगडं उतरलं तरी जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागाच्या फणीत तशीच ठेवायची आणि नवा ताणा त्यांनाच सांधायचा, ही आमची पिढ्यांची रीत. त्या दिवशी बाबा एकेक टोक ओढून काढत होते.

"काहून काढून राहिले, बाबा?"

"ठेवले त तू मांगं पाहत राहशीन," मान वर न करता ते म्हणाले. "जाय आता. गाडी चुकन."

मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

बाबांना जाऊनही आता खूप वर्षं झाली. शेजारीण अधूनमधून विचारते, "तुमच्या गावी परत कधी जाणार?" मला जावंसं फार वाटतं. पण सांधायला तिकडे एकही टोक उरलेलं नाही.