गृहविज्ञानाखालची सही

नववीत गेलं की आमच्या काशीतल्या शाळेत एक फॉर्म मिळायचा. गणित की गृहविज्ञान, एवढाच प्रश्न. शाळा सरकारी, मुलींची. प्रयोगशाळेला कुलूप असे, कारण किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मैदान होतं, पण अर्ध्यात मोडकी बाकं रचलेली. उरलेल्या अर्ध्यात आम्ही खो-खो खेळायचो आणि बाहेरच्या सामन्यांना गेलो की पूर्ण मैदान बघून बावचळायचो. गणिताच्या वर्गाला एकच खोली होती, तीही लहान. जागा भरल्या की उरलेल्या मुली गृहविज्ञानाला.

मला गणितच हवं होतं. गणित नाही तर पुढे सायन्स नाही, आणि सायन्स नाही तर रामघाटाच्या गल्लीबाहेर जायची दुसरी वाट मला दिसत नव्हती. खेळाच्या बाई, म्हणजे बहनजी, मागे लागल्या होत्या, "गृहविज्ञान ले लो, आठवाँ घंटा मैदान में रहोगी." गणिताचा जादा तास नेमका त्याच आठव्या तासाला असे. मी संघात सगळ्यांत चपळ होते, त्यांचा जीव तुटत होता. पण मी त्यांना तोंडावर नाही म्हटलं. मी तेव्हाही भडक डोक्याची होते, आजही आहे.

विषयावर खूण पालकांनीच करायची, असा नियम. बाबा वेदपाठशाळेत शिकवायचे आणि त्या आठवड्यात यजमानांबरोबर गयेला गेले होते. म्हणून फॉर्म आईपुढे ठेवला. "गणित हं आई," एवढं बजावलं, सकाळी तिच्या हातून घडी घातलेला कागद घेतला आणि न उघडता शाळेत देऊन टाकला.

दोन दिवसांनी वर्गात याद्या वाचल्या गेल्या. गणिताच्या यादीत माझं नाव नव्हतं. ते गृहविज्ञानात होतं.

मी धावत ऑफिसात गेले. हेडक्लार्क बड़े बाबूंनी फॉर्म काढून दाखवला. वर छापलं होतं, 'सही विषय के नीचे निशान लगाएँ'. त्याखाली एकाखाली एक दोन विषय, आणि शेवटच्या गृहविज्ञानाच्या खाली आईची पूर्ण नावानिशी, वळणदार सही. खाली 'अभिभावक के हस्ताक्षर' ही पालकांच्या सहीची ओळ मात्र कोरी. बाबू म्हणाले, "गणित में एक जगह बची है. सूची कल दस बजे ऊपर चली जाएगी. उसके बाद हमारे हाथ में कुछ नहीं."

घरी येऊन मी आईला नाही नाही ते बोलले. इतकी वर्षं काशीत राहून तुला हिंदीतलं 'सही' कळत नाही? सही म्हणजे बरोबर! सगळी शाळा हसेल मला! ताट मी तसंच सरकवून दिलं. आईनं ते उचलून झाकून ठेवलं. तिचं ते गप्प राहणं मला कबुलीसारखं वाटलं आणि मी आणखीच चवताळले.

सकाळी बघते तर ती इस्त्रीची साडी नेसून दारात उभी. घाट, देऊळ आणि भाजी यापलीकडे ती एकटी कधी गेलेली नव्हती. वाटभर मी तिच्या पुढे चार पावलं चालत होते. ऑफिसात पोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते आणि याद्यांची फाइल टेबलावर बांधून तयार होती.

"भैयाजी," आई म्हणाली, "हमारी सही चुक गई."

बाबूंनी चष्मा वर केला. "सही है कि चूक है, माताजी?"

मागे दोन कारकून फिसकन हसले. आईचे कान लाल झाले. पण ती मागे हटली नाही. आमच्या मराठीत दस्तखताला सही म्हणतात, तिथं सही लिहिलेलं दिसलं, म्हणून आपण सही ठोकली, आपण अडाणी बाई, लड़की का कुछ चुकला नहीं, असं तिनं हातवारे करून सांगितलं. बाबू पोट धरून हसले. शेजारच्या टेबलाला हाक मारून त्यांनी तो किस्सा पुन्हा सांगितला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्यांनी फाइलची दोरी सोडली, एका यादीतलं माझं नाव कापलं आणि दुसरीत शेवटी लिहिलं. आईनं खालच्या ओळीवर सही केली.

बाहेर आल्यावर माझा राग पार उतरला होता. मी तिचा हात धरला. "पण आई, तू अशी चुकलीस तरी कशी?"

"चुकले नव्हते," ती म्हणाली.

मला काही कळेना.

"सहीचा घोळ झाला खरा, पण गृहविज्ञान हे मराठीतही गृहविज्ञानच की. मला वाचता येत नाही होय?" ती चालायची थांबली नाही. "मॅट्रिकला मी गणितातच नापास झाले. दोन महिन्यांत लग्न ठरलं. तुझं तसं होऊ नये, एवढंच मनात होतं. काल तू जेवली नाहीस आणि मला रात्रभर वाटत राहिलं, मी काय करून बसले."

मला रडू आलं. काल बोललेला एकेक शब्द आठवत होता आणि माफी कशी मागायची ते सुचत नव्हतं.

"रडू नकोस," ती म्हणाली. "पास हो म्हणजे झालं. नाहीतर त्या मेल्यांसमोर मी उगीच अडाणी झाले."