खालचा एक दात

मालाकियास ताडी काढणारा. वीस वर्षांपूर्वी झाडावर कमरेचा दोर सुटला. माणूस वाचला, पण खालच्या ओळीतला पुढचा एक दात गेला. तेव्हापासून पोरंटोरं त्याला म्हणत, "बाबा, खिंडीतनं वारं येतंय, तोंड मिटा." त्याचं त्याला काही नव्हतं. फक्त डोमितिलासमोर तो ओठ मिटून हसायचा.

डोमितिला विधवा, हाताला चव असलेली. गावच्या संताच्या सणाला तिच्या भांड्यात जो काही टाकायला आणेल, तो तिच्या टेबलाशी बसायचा, बाकीचे पायरीवर. ताडी भांड्यात पडत नाही, म्हणून मालाकियास तीन वर्षं पायरीवर. यंदा त्यानं चारचौघांत सांगून टाकलं, "गेंबू आणतो." तिकडं वटवाघळाला गेंबू म्हणत, आणि सणाच्या भांड्यात ते चाले.

"वटवाघूळ झाडावर बसून तुमची वाट बघतंय व्हय?" डोमितिला म्हणाली. "आणा तर खरं. न्हाई तर पायरी हायच."

सणाच्या सकाळी तेलताडाच्या वाळक्या झावळीत खरंच एक लटकलेलं दिसलं. त्यानं धरलं, ते अंगठ्याला चावलं. सदऱ्यात गुंडाळून थेट तिच्या चुलीपाशी आला.

"आधी अंगठा दावा," ती म्हणाली. वरच्या बाजूला चार टोचे होते, खाली तीनच.

बाजूला बसलेला पाव्लिनु, जुना शिकारी, पुढं सरकला. त्यानं काडीनं वटवाघळाचं तोंड उघडलं, गळ्याचा पिवळट पट्टा न्याहाळला. "हे वरच्या रानातलं. गावात येत न्हाई. जन्मात दोन बघितली. त्यांनाबी खालच्या ओळीतला हाच पुढचा दात नव्हता."

"पडला असंल," डोमितिला म्हणाली.

"पडत न्हाई बाई, उगवतच न्हाई. घराणंच तसलं."

"म्हणजे मालाकियासचा चुलतभाऊ," कुणीतरी म्हणालं आणि अंगण खिदळलं. डोमितिलाच्या हातात सुरी होती. तिनं मालाकियासकडं बघितलं. "भांड्यात घालू?"

मालाकियासनं सदरा छातीशी धरला. आतलं धुगधुगत होतं.

"नको," तो म्हणाला.

"मग पायरी."

"पायरी तर पायरी." आणि तो हसला, तोंड पसरून, खिंडीसकट.

झावळीत वटवाघूळ टांगून तो परत आला आणि गुमान पायरीवर टेकला. आतून आवाज आला, "अहो ताडीवाले, तिथं काय करताय?"

"काही आणलं नाही ना."

"चुलीपतुर आणलंत की. भांड्यात टाकायचं काम माझं, ते म्यां केलं न्हाई. तुमचा काय गुन्हा? या आत."

तो टेबलाशी बसला. तिनं माशाचा काटे काढलेला मऊ तुकडा त्याच्या ताटात वाढला.

"दात एकच कमी आहे," तो म्हणाला.

"म्हाईत हाय," ती म्हणाली, आणि वर भाजलेल्या विलायती फणसाची करपलेली, कडक फोड ठेवली. "मग चावा."