सगळ्यांच्या मागे उभा राहणारा

"खेळणं सोडलं की अंग दुखायचं थांबेल असं वाटलं होतं, पण आता त्याला दुखायला नुसता मोकळा वेळ मिळालाय," असं कॉर्डेल फॉन्टेनो एकदा म्हणाला होता.

मी संघाचं सामान सांभाळतो. तेव्हा तो माझ्या सामानाच्या खोलीत, उपड्या बादलीवर बसून घोट्याला बर्फ लावत होता. खेळाडूंसाठी बर्फाचे मोठाले टब होते, पण प्रशिक्षक झाल्यापासून तिथे जाऊन बसायला त्याला अवघड वाटे. प्रशिक्षकाने आपलं दुखणं दाखवू नये असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. हेल्मेटं, खांद्याची चिलखतं, घामाने कुबट झालेल्या जर्सी यांच्यामध्ये तो बसे आणि दार ओढून घेई.

तो लुईझियानाच्या दलदलीकडचा. बाप समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. आमच्या ईरी तलावाच्या काठी तो आला तेव्हा थंडीने त्याचे दात वाजत, आणि तो आमच्या मक्याच्या पावाला नावं ठेवी. मग इथलाच झाला. आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात सेफ्टीच्या जागेवर खेळायचा. बचावाच्या रांगांमध्ये सेफ्टी सगळ्यांत मागे उभा असतो. पुढच्या सगळ्यांच्या हातून निसटलेला माणूस चेंडू छातीशी धरून त्याच्या अंगावर येतो, आणि सेफ्टीच्या मागे गवताशिवाय काही नसतं. कॉर्डेल तिथे उभा राहून ओरडत असे. समोरचे काय करणार आहेत ते त्याला आधी दिसे. त्याचं ओरडणं प्रेक्षकांच्या वरच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू यायचं.

मागच्या वसंतात मुख्य प्रशिक्षक वॉल्ट हॅनेगनने त्याला बोलावलं.

"पाय संपले तुझे, कॉर्ड. डोकं शाबूत आहे. ते मला दे."

"गळ्यात शिट्टी अडकवावी लागेल?"

"लागेल."

"मग विचार करतो," कॉर्डेल म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी शिट्टी अडकवूनच आला. त्याला दुसरं काय येत होतं?

ऑगस्टात सराव सुरू झाला. तलावावरून चिलटांचे ढग येऊन दिव्यांखाली मरून पडत. पहिल्या दुपारी कॉर्डेल ताट घेऊन सवयीने आपल्या जुन्या टेबलाशी गेला आणि खुर्ची ओढून बसला. टेबलावरचं बोलणं थांबलं. कुणीतरी मिठाची बाटली उगाच सरकवली. त्याच्याशेजारी मायका टॉलिव्हर होता. तो दुसरा सेफ्टी. हे दोघे सात हंगाम जोडीने खेळले होते.

"कोच," मायका म्हणाला, "तुमचं टेबल तिकडे. खिडकीपाशी. तिथे केक मिळतो म्हणतात."

"गप जेव रे."

"नाही, खरंच. इथे बसलास तर आम्ही तुला शिव्या कशा घालायच्या? तोंडावर बरं दिसत नाही."

सगळे हसले. कॉर्डेलही हसला. थोडा वेळ बसला, ताट उचललं आणि खिडकीपाशी गेला. तिथे केक नव्हता. म्हातारे प्रशिक्षक मान खाली घालून सूप पीत होते.

नव्या साहाय्यकाला आणखी एक काम करावं लागतं. सराव संपत आला की बरीच माणसं संघातून काढून टाकतात. ज्याला काढायचं, त्याच्याकडे सकाळी एक जण जातो आणि हळू आवाजात म्हणतो, "कोचनी बोलावलंय. डावपेचांची वही घेऊन ये." वही म्हटलं की संपलं. त्या निरोप्याला आमच्याकडे 'तुर्क' म्हणतात. का म्हणतात ते कुणालाच माहीत नाही. तुर्क दिसला की माणसं संडासात जाऊन बसतात, झोपेचं सोंग घेतात, एक जण तर कपडे वाळवायच्या यंत्रामागे लपला होता. त्या वर्षी कॉर्डेल तुर्क झाला. पहिल्या सकाळी नऊ जणांना बोलावून आणल्यावर तो माझ्या बादलीवर येऊन बसला. बर्फ मागितला नाही.

मायकाबद्दल मला ठाऊक होतं ते असं. दोन हंगामांपूर्वी एका धडकेत त्याची मान दबली. तेव्हापासून जोराची टक्कर झाली की त्याचा डावा हात खांद्यापासून मेल्यासारखा लोंबे, बोटं काही मिनिटं हलत नसत. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा निसटला तर एका हाताने लावता येईना. मग खेळाच्या दोन डावांमधल्या त्या अवघ्या काही क्षणांत कॉर्डेल त्याच्यापुढे उभा राहायचा, कडेला उभ्या प्रशिक्षकांकडे पाठ करायचा आणि त्याचा पट्टा लावून द्यायचा. वरून बघणाऱ्याला वाटावं, दोघे मसलत करताहेत. डॉक्टरांना कळलं नाही, हॅनेगनला कळलं नाही. आमच्यात असं सांगत नाहीत. दुखणं ज्याचं त्याचं असतं, आणि ते झाकणं सगळ्यांचं.

आता मायकाच्या शेजारी कॉर्डेल नव्हता. शेवटच्या सराव-सामन्यात मायका एका दांडग्या पोराला अडवायला खांद्याने घुसला, दोघे पडले, आणि मायका उठला तेव्हा त्याचा डावा हात झुलत होता. पट्टा सुटला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. शेजारचा नवा खेळाडू नजर समोर लावून उभा. मायका हेल्मेट तसंच ठेवून पुढचा डाव खेळला. डोकं खाली घालून त्याच पोरावर धावला, पडला, पुन्हा उठला. कडेला उभ्या कॉर्डेलने हात कमरेवरून काढून मानेमागे नेले आणि तसाच उभा राहिला.

मायका मैदानातून बाहेर येताच कॉर्डेल त्याच्याजवळ गेला. मी पाण्याच्या बाटल्यांपाशी होतो.

"पुन्हा झालं?"

"काय झालं?"

"मायका."

"अरे, झोपला होता हात. उठला आता. बघ, बघ." त्याने उजवा हात हलवून दाखवला.

"डावा दाखव."

"तू कोण, माझी आई?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "भावा, इथून मला काढणार हे मलाही दिसतंय. टेनेसीचा संघ घेईल, बोलणं झालंय. मला एक वर्ष हवंय फक्त. तू काही पाहिलेलं नाहीस."

कॉर्डेल काही बोलला नाही. खेळाडू असताना हे गप्प बसणं म्हणजे होकार असायचा. मायकाने तो तसाच घेतला आणि त्याच्या पाठीत थाप मारून गेला.

दुसऱ्या सकाळी प्रशिक्षकांच्या खोलीत पडद्यावर सामना लागला. काढलेल्यांचे नंबर मला जर्सींसाठी लागतात, म्हणून मी दाराशी खुर्ची टाकून बसतो. बचावाचा मुख्य, डेल प्रुइट, मायका दिसला की चित्र थांबवत होता.

"हे पाहा. डाव्या बाजूने धरतच नाही. घाबरतो. वय झालं."

"काढा," हॅनेगन म्हणाला. "चांगला माणूस होता. कॉर्ड, तू बोलाव. तुझा दोस्त आहे, तुझ्याकडून ऐकलेलं बरं."

कॉर्डेलला एवढंच करायचं होतं. उठायचं, जायचं, ते एक वाक्य म्हणायचं. मायका टेनेसीला गेला असता, तिथल्या डॉक्टरला त्याने हसत उजवा हात दाखवला असता. ह्या खोलीतल्या कुणाचाच तो प्रश्न उरला नसता. आणि जर का मान आणखी बिघडली असती, तर ती टेनेसीच्या गवतावर बिघडली असती.

कॉर्डेल उठला नाही.

"घाबरत नाही तो," तो म्हणाला. "त्याचा डावा हात मरतो. मानेमुळे. काढायच्या आधी डॉक्टरांनी मानेचे फोटो काढायला हवेत."

खोलीत पंखा फिरत होता. प्रुइट खुर्चीत मागे रेलला.

"देवा रे. कशाला बोललास? जात होता ना तो!"

"तेच. जात होता."

"हे बघ," हॅनेगन सावकाश म्हणाला, "हे तू आता बोललास. म्हणजे आता मला माहीत आहे. मानेचं एकदा कागदावर आलं की इथेच काय, कुठलाही संघ त्याला उभा करणार नाही. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"किती दिवसांपासून आहे हे?"

"दोन हंगाम."

"आणि तुला ठाऊक होतं?"

"मी पट्टा लावून द्यायचो त्याचा."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तेव्हा मी खेळत होतो," कॉर्डेल म्हणाला.

हॅनेगनने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नव्हे. पुष्कळ वर्षं एकच काम केलेला माणूस पाहतो तसं. मग दाराकडे बोट केलं.

कॉर्डेल लॉकर-रूममध्ये आला तेव्हा मी त्याच्या मागून हेल्मेटांची ढकलगाडी घेऊन आलो होतो. मायकाने सामान आधीच बांधून ठेवलं होतं. नव्या शर्टात, बुटांना पॉलिश करून, वही मांडीवर घेऊन तो बाकावर बसला होता. चेहऱ्यावर हसू होतं.

"या तुर्कसाहेब. किती वेळ लावलात! चला, म्हाताऱ्याला भेटतो, हात मिळवतो, दुपारचं विमान आहे."

"वही राहू दे," कॉर्डेल म्हणाला.

मायकाचं हसू तसंच राहिलं, पण त्याचे डोळे बदलले.

"म्हणजे? ठेवलं मला?"

"डॉक्टरांकडे जायचंय. मानेचे फोटो काढायला."

आतल्या न्हाणीघरात कुठेतरी पाणी गळत होतं. मायकाने वही बाकावर ठेवली, ती सरळ केली, पुन्हा सरळ केली.

"तू सांगितलंस."

"हो."

"मला काढत होते, कॉर्ड. नुसतं काढत होते! काढलेल्या माणसाला दुसरं दार असतं. तू सगळी दारं लावून आलास."

"त्या पोरावर डोकं खाली घालून गेलास काल. मी कडेवरून पाहिलं. तू उठशील असं मला वाटलं नव्हतं."

"पण उठलो ना?"

"उठलास."

"आधीही उठायचो. तेव्हा तूच मला परत उभा करायचास. तेव्हा माझी मान दिसत नव्हती तुला?" मायका उभा राहिला. तो कॉर्डेलच्या पुढ्यात आला. "एकच सांग. खरं सांग. तुला माझ्या मानेची काळजी आहे, की उद्या मी कुठे आडवा पडलो तर तुला झोप लागणार नाही याची?"

कॉर्डेलने तोंड उघडलं. मला वाटलं, मैदानावर ओरडायचा तसं काहीतरी येईल, लांबच्या माणसालाही ऐकू जाईल असं. त्याने मायकाकडे पाहिलं, मग बाकावरच्या वहीकडे. त्याला उत्तर माहीत नव्हतं, की माहीत होतं आणि ते दोन्ही होतं, कोण सांगणार. बाहेर सरावाची शिट्टी झाली. त्याने तोंड मिटलं, दुखऱ्या घोट्यावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, वळला आणि दार ढकलून बाहेर गेला.